बरगडीखालचा आवाज

दुपारी दोनच्या सुमाराला सुगंधाबाई मेश्राम आपल्या पायांनी चालत कोठीटोल्याच्या आरोग्य केंद्रात आल्या, तेव्हा परिचारिका करिष्मा हलामीने त्यांच्या पोटाला हात लावला नाही. तशी पद्धतच उरली नव्हती. तिने खुंटीवरचा उदरपट्टा काढला, बाईंच्या बेंबीभोवती गुंडाळला, त्यांच्या बोटातला रक्ताचा एक थेंब यंत्राला दिला आणि त्याच्या पडद्याकडे पाहत उभी राहिली.

पट्टा पोटात ध्वनिलहरी सोडायचा, आतड्यांची हालचाल ऐकायचा आणि चार मिनिटांत आजाराचं नाव सांगायचा. तो आल्यापासून परिचारिकांच्या अभ्यासक्रमातून पोट तपासण्याचा धडा गळला होता. करिष्मा त्यानंतरच्या तुकडीतली.

‘डायव्हर्टिक्युलायटिस. पायरी एक. घरी विश्रांती.’

“म्हणजे काय जी?” तुळशीरामने विचारलं. बायकोची चप्पल हातात धरून तो दारातच उभा होता.

“वय झालं की मोठ्या आतड्याला बारीक पिशव्या येतात, काका. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो ना, तशा. त्यातली एक सुजली आहे. चार दिवस पातळ खायचं आणि पडून राहायचं.”

सुगंधाबाई उठल्या आणि लगेच परत बसल्या. त्यांच्या कपाळावर गार घाम होता. करिष्माने मनगट धरलं. नाडी एकशेतीसच्या पुढे होती.

“लय दुखते का, मावशी?”

“सकाळी लय दुखत होतं, डाव्या बाजूले. मंग काहीतरी सुटल्यावानी झालं. आता तेवढं नाही दुखत.” त्या थांबल्या. “पण मले बरं नाही वाटत, पोरी.”

पट्टा पुन्हा लावला. पुन्हा पायरी एक. ताप नव्हता, रक्तात सुजेची खूण किरकोळ होती. करिष्माने विचारलं, “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” तुळशीरामने खिशातून चुरगळलेलं पाकीट काढलं. सांधेदुखीसाठी बाजारातून आणलेल्या गोळ्या, सहा वर्षं रोज एक. त्या स्टिरॉइडच्या होत्या. हे औषध सूज दाबतं, ताप दाबतं, दुखणंही दाबतं. पट्टा ज्या खुणा शोधत होता, त्याच खुणा गोळ्यांनी पुसून टाकल्या होत्या.

तिने ते यंत्राला सांगितलं. पडदा बदलला, ‘पायरी दोन. निरीक्षण.’

रुग्णाला शहरातल्या इस्पितळात नेणारं चालकाविना रुग्णविमान पट्ट्याने तिसरी पायरी दाखवल्याशिवाय सुटत नसे आणि नदीच्या पुलावरून कालपासून पाणी चाललं होतं. रस्ता नव्हता.

साठ केंद्रांसाठी एकच शल्यचिकित्सक होते, डॉ. बोधनकर. ते पडद्यावर यायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाईंचे ओठ पांढरे पडले.

“सर, ती पिशवी फुटली असणार. मला खात्री वाटते.”

“वाटून विमान सुटत नाही, सिस्टर. पट्ट्याचा निकाल मी फिरवू शकतो, पण कारण नोंदवावं लागतं. पोट कडक आहे?”

करिष्मा म्हणाली, “सर, मला तपासता येत नाही. आम्हाला शिकवलंच नाही.”

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. “हात ठेवा. हलकेच दाबा.”

“मऊ लागतंय.”

“स्टिरॉइडवर असलेल्यांचं मऊ राहू शकतं. बाईंना उताणं झोपवा. उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर डाव्या हाताचं मधलं बोट सपाट ठेवा. उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोका. खाली यकृत असतं, भरीव. आवाज भरल्या माठासारखा बद्द यायला हवा.”

तिने ठोकलं. काय ऐकायचं तेच तिला कळेना.

“काका, इकडे या. सदरा वर करा.”

तुळशीराम निमूटपणे शेजारच्या खाटेवर आडवा झाला. त्याच्या बरगड्यांवर तिने ठोकलं. बद्द. मग सुगंधाबाईंच्या त्याच जागी. ढब्. रिकामा डबा वाजावा तसं. तिने पुन्हा ठोकलं, मग बोट जरा सरकवून तिसऱ्यांदा. रिकामंच.

“सर, पोकळ वाजतंय!”

“आतड्यातली हवा बाहेर पडून यकृतावर साठली आहे. आतडं फुटलंय,” डॉक्टर म्हणाले. “पट्टा बेंबीभोवती ऐकत बसला, हवा वर गेली. विमान पाठवतो. सलाईन जोरात सोडा, प्रतिजैविक शिरेतून द्या. तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटही नाही.”

विमानाला पस्तीस मिनिटं लागली. सुगंधाबाई पाणी मागत राहिल्या. करिष्मा ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत होती आणि त्या कापूस चोखायला बघत होत्या. विमानात जागा फक्त रुग्णापुरती. झाकण लागेपर्यंत तुळशीरामने बायकोचं पाऊल सोडलं नाही.

संध्याकाळी पोट उघडलं गेलं. आत पू आणि मळ पसरला होता. डॉक्टरांनी आतड्याचा फुटका भाग काढला आणि वरचं टोक पोटावर उघडून तिथे मळासाठी पिशवी लावली. अकरा दिवस बाई जगतील की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. बाराव्या दिवशी बाईंनीच तुळशीरामला फोनवर विचारलं, जेवलात का?

त्या दिवशी करिष्माने केंद्राची वर्षभराची यादी काढली. ‘पायरी एक, घरी विश्रांती’ अशी नऊ नावं होती. सात जण हयात होते. दोघांपुढे मृत्यूचं कारण ‘वार्धक्य’ लिहिलेलं. त्यातली एक नोंद तिच्याच हातची. पार्वता दुर्गे, वय अठ्ठावन्न.

ती पायी त्यांच्या घरी गेली. पार्वताबाईंचा नवरा मनोहर अंगणात टोपली विणत होता. करिष्माने उभ्यानेच सगळं सांगितलं, पट्टा, गोळ्या, बरगडीवर ठोकून ऐकलेला पोकळ आवाज.

“माझ्या घरच्या बाईलेही सकाळी दुखणं थांबलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “आम्ही खूश झालो होतो.”

बांबूची कामटी बाजूला ठेवून त्याने आपली दोन बोटं स्वतःच्या बरगडीवर ठेवली, ठोकलं, कान देऊन ऐकलं. मग तिच्याकडे पाहिलं.

“एवढंच होतं, बाई? मंग त्या दिवशी कोणी कायले नाही वाजवून पाह्यलं?”