टेकाडावर चढलेला ओढा

"टेकाडावरून ओढा जातो का हो कधी?" खुर्चीत टेकायच्या आधीच पाणचक्कीवाल्या काकूंनी विचारलं. "तीन महिने ओरडतेय. कुणी ऐकेल तर शपथ!"

गुप्तहेर दाजींनी कपाळ चोळलं. शेजारी त्यांचा मेहुणा शब्द न् शब्द वहीत उतरवत होता. विचार करायचं टाळण्याची त्याची ही पद्धत आहे, असं दाजींचं मत होतं.

काकूंच्या दिराने ओढा बुजवला होता. आता धरणाचं पाणी ओढ्याच्या जुन्या वाटेने सोडायचं होतं आणि ती वाट खोऱ्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावरून ठरणार होती. निकाल देणार होते पाटबंधारे खात्याचे साहेब; जागेवर जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसे. नकाशातला ओढा चक्कीजवळून नव्हे, दिराच्या शेताच्या मधोमध वाहत होता. सोमवारी निकाल. पाणी तिकडे गेलं की चक्की कायमची बंद.

वर्षभरात नकाशा तिघांनीच हाताळला होता.

"निळा ओढा, तपकिरी उंचीच्या रेषा," दफ्तरखान्याच्या मॅडम म्हणाल्या. "सहलीच्या पोरांना हेच सांगून घसा बसला माझा."

म्हातारा नकाशानवीस खेकसला, "एक रेष म्हणजे एक उंची. टेकाडाभोवती ती गोल मिटते, ओढा आला की वरच्या अंगाला टोक काढते. चाळीस वर्षं टोकं काढली; जावयाला अजून कळलं नाही मी काय करायचो."

दीर हसला. "नकाशा बोलतोय, मी कशाला बोलू?"

"आणि ही तपकिरी वेटोळी?" दाजींनी विचारलं.

"शोभेची असतील. जुन्या लोकांना हौस भारी!"

बाहेर पडताच मेहुणा कुजबुजला, "दाजी, निळी रेष फार सुबक आहे. नकाशानवीसच!"

"तुझ्या बहिणीने लग्नाआधी तुझी भेट घालून द्यायला हवी होती," दाजी म्हणाले.

सोमवारी साहेबांसमोर दाजींनी नकाशावर बोट ठेवलं. "चक्कीजवळ तपकिरी रेषांना ओळीने टोकं आहेत, पण ओढा नाही. शेतात ओढा आहे, पण रेषा गोल मिटल्यात. म्हणजे टेकाड! कुणीतरी निळी रेष खरवडून तिकडे काढली आणि तपकिरीला हात लावला नाही. नकाशानवीसाने टोकंही हलवली असती. मॅडमना ती रोज दिसतात. शोभेची वाटतात ती एकालाच. त्याला नकाशात स्वतःचं शेत सापडलं, स्वतःचं टेकाड सापडलं नाही."

साहेबांनी कागद उजेडात धरला. चक्कीजवळ तो खरवडून विरला होता. दिराची मान खाली गेली.

'पाणी चक्कीकडे' असा शेरा मारून साहेब वैतागले. "ओढा टेकाडावर चढवला होता? हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

काकूंनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मेहुण्याकडे.

मेहुण्याने वही उघडली आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली.