चौसष्टांतली डबी

मोजपट्टीचा तो तुकडा चौतीस सेंटीमीटर लांब होता. कात्री नेमकी आकड्यावरून गेल्यामुळे टोकाला चौतीसातला चार अर्धाच उरला होता. पत्र्याची धार बोटाला लागू नये म्हणून तिथे चिकटपट्टीचे दोन वेढे दिले होते. असेच थोड्या कमी-जास्त लांबीचे आणखी चार तुकडे प्लास्टिकच्या नळीवर आडवे बसवले होते. झाली अँटेना.

ती अँटेना धरून फूटपट्टी गच्चीवर उभी होती. ती तेरा वर्षांची आणि वर्गात सर्वांत उंच, म्हणून तिचं हे नाव. शेजारी तिचा दहा वर्षांचा भाऊ चिमटा होता. त्याचे हात कधीच स्वस्थ नसत. जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडीवर आलेखवही घेऊन त्यांचा मित्र बसला होता. सगळ्यांचं बोलणं दुरुस्त करायची त्याला खोड होती, म्हणून तो मास्तर.

"नऊ चव्वेचाळीस," मास्तर म्हणाला.

"पावणेदहा म्हण की," फूटपट्टी म्हणाली.

"पावणेदहाला अजून एक मिनिट आहे."

एरवी यावर दोघांची जुंपली असती. आज ते तेवढ्यावरच थांबलं, कारण आज दहावा दिवस होता.

दहा दिवसांपूर्वी एकाच रॉकेटमधून चौसष्ट छोटे उपग्रह वर गेले होते, एका बसमधून चौसष्ट प्रवासी जावेत तसे. त्यांतला एक फूटपट्टीच्या मावशीचा होता. मिठाईच्या खोक्याएवढा, सगळ्या बाजूंनी दहा सेंटीमीटर. मावशी त्याला डबी म्हणायची. चार वर्षं तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी तो बांधला होता. वर सुटल्यावर डबीने ओरडून आपली ओळख सांगायची होती: दोन लांब सूर, एक आखूड, परत एक लांब. पण नऊ दिवसांत मावशी काम करायची त्या उपग्रह केंद्राच्या मोठ्या अँटेनाला एकही सूर ऐकू आला नव्हता.

आणि डबीमध्ये मावशीनेच एक नियम लिहून ठेवला होता. दहा दिवसांत जमिनीवरून हुकूम आला नाही, तर डबीने आपला आवाज कायमचा बंद करायचा. आंधळ्या-बहिऱ्या उपग्रहाने उगीच ओरडत राहून इतरांना त्रास देऊ नये, म्हणून. आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ती मुदत संपत होती. त्याआधी डबी दोनदाच डोक्यावरून जाणार होती: एकदा आत्ता, नऊ पन्नासला, आणि एकदा अकरा पंचवीसला.

मग मुलं सहा मिनिटं आधीच वर का आली होती? तर चिमट्यामुळे. काल त्याने कोणाला न विचारता रेडिओचं बटण वेळेआधीच दाबलं होतं आणि आपल्याला काहीतरी ऐकू आलं, असं तो रात्री जेवताना म्हणाला होता. मावशीने ताटावरून मानही वर केली नव्हती. तिचं जेवण तसंच राहिलं होतं. फूटपट्टीने त्याला गप्प बसवलं होतं, आणि मग अंथरुणात पडल्यावर तिलाच झोप लागली नव्हती.

"नऊ सेहेचाळीस," मास्तर म्हणाला.

रेडिओ खरखरत होता. फूटपट्टीने अँटेना डोंगराच्या कडेकडे रोखली आणि सावकाश डावीकडे नेली. खरखरीच्या तळाशी काहीतरी हललं. दोन लांब. एक आखूड. एक लांब.

नळी जराशी हलली आणि सूर पुन्हा हरवला. तिने दात आवळून नळी घट्ट धरली. डबी जिवंत होती. डबी दर सहा सेकंदांनी हाका मारत होती, आणि हाकेवर चार मिनिटं उशिरा पोचणारी माणसं तिला मेलेली समजत होती.

"लिही," ती मास्तरला म्हणाली. "रडतोस काय, लिही."

मास्तरने लिहिलं. फोनवर सुराची उंची आकड्यांत दिसत होती. दर पंधरा सेकंदांनी तो आलेखवहीत एक ठिपका देत गेला. हॉर्न वाजवत येणारी गाडी समोरून निघून गेली, की हॉर्नचा आवाज पडतो. तसाच हा सूर आधी चढा होता, नऊ एक्कावन्नला झपकन उतरला आणि मग खालीच राहिला. म्हणजे नऊ एक्कावन्नला डबी सर्वांत जवळ होती. केंद्राच्या हिशेबाने ती नऊ पंचावन्नला जवळ यायला हवी होती.

वर गेलेल्या उपग्रहांची नंबरवार यादी फोनवर मिळत होती. तिच्यातल्या चौसष्टांच्या वेळा एकेक करून तपासण्यात पाऊण तास गेला. नऊ एक्कावन्नला डोक्यावर एकच होता, एक्केचाळीस नंबरचा. केंद्र मात्र नऊ दिवस सत्तावीस नंबरच्या मागे लागलं होतं.

"सत्तावीस का पण?" चिमट्याने विचारलं.

ते फूटपट्टीला ठाऊक होतं. रॉकेटमधून डबी सत्ताविसावी सुटली होती. यादीतले नंबर मात्र सुटण्याच्या क्रमाने दिलेले नव्हते. जमिनीवरच्या रडारला जो आधी दिसला, त्याला आधीचा नंबर मिळाला होता. मावशीने हे केंद्रप्रमुखांना तिसऱ्या दिवशीच सुचवलं होतं. ते म्हणाले होते, बघू या. चौथ्या दिवशी म्हणाले, उद्या बघू या. घरात त्यांचं नावच बघूसाहेब पडलं होतं. नंबर बदलायचा अधिकार फक्त त्यांचा होता.

मावशीला फोन लागेना. केंद्रात सगळ्यांचे फोन फाटकावर काढून ठेवत. तिघं दोन सायकलींवरून निघाली. चढावर मास्तरच्या सायकलची चेन उतरली, ती बसवताना त्याचे हात काळे झाले, आणि काळ्या बोटांनी वही धरू नये म्हणून त्याने ती चिमट्याच्या शर्टात कोंबली.

फाटकावर अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. रखवालदारकाकांनी मुलांना ओळखलं, पण फोन आणि रेडिओ खिडकीतल्या खणात ठेवायला लावले. आतल्या अँटेनांना त्यांचा त्रास होतो, नियम म्हणजे नियम.  डबीचा आवाज त्या फोनमध्येच भरून ठेवलेला होता.

"काका, अख्खा पुरावा त्यात आहे हो," फूटपट्टी म्हणाली.

"पुरावा असू दे नाहीतर आणखी काही. तो इथेच राहील," काका म्हणाले. मग चिमट्याच्या फुगलेल्या शर्टाकडे बघून म्हणाले, "वही नेली तर चालते."

नियंत्रणकक्षात तीन टेबलं, चार पडदे आणि एक भिंतीवरचं घड्याळ होतं. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिच्यासमोर उपग्रह निकामी झाल्याचं पत्र होतं. सही तेवढी बाकी होती. केंद्रप्रमुख उभे होते. त्यांनी मुलांना पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि ही काय शाळा आहे का, असं विचारलं.

फूटपट्टीने सगळं एका दमात सांगितलं. मावशी उठली. तिने वही हातात घेतली, ठिपके पाहिले आणि पडद्यावर एक्केचाळीस नंबरची रेघ काढली. सूर कसा उतरायला हवा, हे दाखवणारी ती गणिताची रेघ होती. तिने ती लहान-मोठी करून वहीच्या चौकटींशी जुळवली. मग पान फाडून पडद्यावर धरलं. मागच्या उजेडात ठिपके दिसले. एकामागून एक, सगळे रेघेवर. तिने सत्तावीसची रेघ आणली, तर तिचा उतार चार चौकटी पुढे गेला.

"मुलांनी रेघ पाहूनच ठिपके काढले असतील," प्रमुख म्हणाले. "फोनवर काय, सगळं मिळतं."

घड्याळात अकरा चौदा झाले होते. हुकूम सोडणारी मोठी अँटेना वळायला तीन मिनिटं लागत, आणि एक्केचाळीस नंबर अकरा एकवीसला उगवणार होता. मावशीने समजावून सांगितलं. सांगताना नऊ दिवसांत पहिल्यांदाच मावशीचा आवाज चढला. प्रमुखांनी वरच्या कचेरीचं नाव काढलं. सत्तावीस नंबर तिकडे कळवलेला होता. आता बदलला तर नऊ दिवस काय केलं, असं तिथे विचारतील. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तेव्हा बघू या.

पुढच्या आठवड्यात डबी मुकी झालेली असेल, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. चिमटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

प्रमुखांनी ते पान मावशीकडून हातात घेतलं. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"इथे दोन ठिपके नाहीत."

"तेव्हा चिमट्याला शिंका आल्या," मास्तर म्हणाला. "त्याने ताईला धक्का दिला. सूर गेला."

"अरे, मग अंदाजाने भरायचे. आधीचा आहे, नंतरचा आहे, मधले कुठे येणार ते दिसतंयच की."

"आम्हाला ते ऐकू आले नाहीत, सर," मास्तर म्हणाला. "न ऐकलेलं कसं लिहिणार?"

तो उद्धटपणे बोलला नव्हता. एखाद्याची बेरीज दुरुस्त करावी, तसं नेहमीच्याच आवाजात बोलला होता. पण प्रमुखांनी त्या दोन रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं आणि मग टेबलाकडे पाहिलं. टेबलावरच्या नोंदवहीत पहिल्याच पानावर त्यांच्या अक्षरात सत्तावीस लिहिलेलं होतं. त्या नंबराचा एकही सूर त्यांनी ऐकला नव्हता. मावशीनेही ते पान पाहिलं. 

अकरा सतरा.

प्रमुखांनी आलेखाचं पान टेबलावर नीट सपाट करून ठेवलं. ते मास्तरला म्हणाले, की इतकी स्वच्छ नोंद त्यांनी या खोलीतसुद्धा क्वचित पाहिली आहे. मग अँटेनाच्या टेबलापाशी बसलेल्या तरुणाकडे वळले.  पहिले शब्द नीट उमटलेच नाहीत, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटले.

"सत्तावीस मी अंदाजाने लिहिला होता. चूक माझी आहे, आणि तसंच कळवा. अँटेना एक्केचाळीसवर फिरवा."