पंधरावी चिठ्ठी

एकवीस दिवस चौदा जणांचा स्वयंपाक केला की माणसाला भूक ही गोष्टच नकोशी होते. शेवटच्या सकाळी शाळेच्या मागच्या नळावर मी मोठं पातेलं घासत बसले होते. कंबर मोडलेली, हाताची सालं निघालेली. डोक्यात एकच गोष्ट होती. अकरा वाजता बस सुटणार, पाचपर्यंत घर. घरी आई.

आमच्या चर्चच्या मंडळीतली मुलं दर उन्हाळ्यात अशी सेवेला जातात. कुठल्यातरी लांबच्या शाळेत मुक्काम करायचा, भिंती रंगवायच्या, बाकं दुरुस्त करायची, तिथल्या लहान मुलांना गाणी आणि बायबलच्या गोष्टी शिकवायच्या. यंदा मुलं बारा. तेरा ते अठरा वयाची, म्हणजे खायला राक्षस आणि उठायला कुंभकर्ण. त्यांच्याबरोबर पाळकसाहेब, आणि रांधायला मी. मला सगळे मावशी म्हणतात. पाळकसाहेबसुद्धा, आणि ते माझ्याहून फार तर सहा वर्षांनी लहान असतील.

आई ऐंशीची. नजर गेल्यात जमा, आठवण येऊन जाऊन. वहिनी तिचं सगळं बघते, पण आई विश्वास ठेवते ती माझ्या उजव्या करंगळीवर. मी चार वर्षांची असताना तिच्याच हातून पेटीचं झाकण माझ्या बोटावर पडलं. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. त्याचं तिला आयुष्यभर वाईट वाटलं. आता तेच बोट कामाला येतं. घरी आले की ती माझा हात ओढून घेते, करंगळी चाचपते आणि म्हणते, "हीच." मग तिचा चेहरा सैल पडतो.

शाळेत मोबाइलला रेंज नव्हती. व्हरांड्यात भिंतीला एक जुना फोन होता, त्यावरून मी रोज संध्याकाळी घरी फोन करायची. फोन आईच्या पलंगाशीच असतो.

"कोण गं?"

"मी."

"कोण मी?"

"वाकड्या करंगळीची."

मग ती हसायची. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात हसू उशिरा यायला लागलं. तिसऱ्यात एकदा अगदी परक्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ती घरी नाही हो. बाहेरगावी गेलीये. आली की सांगते, तुमचा फोन आला होता." वहिनी मागून म्हणाली, मनावर घेऊ नका, हल्ली असंच चाललंय. मी मनावर घेतलं नाही. घ्यायला अंगात त्राण नव्हतं.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. पहिल्या संध्याकाळी आम्ही चिठ्ठ्या काढतो. डब्यात सगळ्यांची नावं, प्रत्येकानं एक उचलायची. जिचं नाव येईल त्या व्यक्तीसाठी रोज प्रार्थना करायची आणि तिला न कळता तिची काहीतरी सेवा करायची. पाण्याची बाटली भरून ठेव, अंथरूण घालून ठेव, असं काहीबाही. कोणाला कोणाची चिठ्ठी आली होती ते शेवटच्या दिवशी सांगायचं. चिठ्ठ्या करायचं काम माझं. एक कागद चार वेळा दुमडला की सोळा तुकडे होतात. चौदांवर नावं लिहिली, एकावर पेन चालतंय का ते बघितलं. सोळाव्याचं काय झालं ते तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ताटल्यांचा हिशेब जुळेना. वाढायला घ्यायची चौदा आणि घासायला यायच्या पंधरा. माझा संशय सरळ वकिलावर. हा मुलगा प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्याचं नाव वकील.

"मावशी, मी एकाच ताटलीत तीनदा घेतो," तो म्हणाला. "दोन ताटल्या घाण करायला मला काय वेड लागलंय? नंतर घासायला मलाच लावाल."

मुद्दा बिनतोड होता. मी सोडून दिलं.

मग मुलींच्या खोलीत खिडकीखाली एक जास्तीची गादी घातलेली दिसली. चादर घट्ट ओढलेली, उशीवर एक चॉकलेट. दोन दिवसांनी चादर चुरगळलेली होती आणि उशीला खळगा होता. दोरीवर एक निळा टॉवेल वाळत असायचा. कोणाचा, विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. रोज सकाळी तो ओला असायचा.

याच सुमाराला माझा चहा चुकायला लागला. चहा मी करायची, किटलीतून पाळकसाहेब ओतायचे. माझ्या कपापाशी येऊन ते पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "साहेब, चहा करणाऱ्यालाही घसा असतो." ते दचकले. "अरे मावशी! तुम्ही कधी आलात?"

मी तिथेच उभी होते, तासभर.

मी आत भांडी लावत असताना कोणीतरी दिवा घालवून दार लोटून घ्यायचं. मी काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा, लांबून हाक मारल्यासारखा. मला त्याचं विशेष वाटलं नाही. पन्नाशीच्या बाईला लोकांना न दिसायची सवय असते. आणि शिवाय मी दमले होते. इतकी दमले होते की कधी कधी स्वतःचाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा.

निघायच्या तीन दिवस आधी शेवटची भिंत रंगवून झाली. आठवण म्हणून सगळ्यांनी तिच्यावर पंजे उमटवले. माझा पिवळा, खालच्या कोपऱ्यात. "मावशीचा हात वळण घेतोय बघा," वकील म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. त्या आठवड्यात माझ्याकडे बघून कोणी हसलं ते तेवढंच.

तर शेवटच्या सकाळी पातेलं घासून झालं आणि मी त्या भिंतीजवळून आत चालले होते. पिवळा पंजा जागेवर होता. करंगळी सरळ होती.

मी पातेलं खाली ठेवलं आणि पंज्यावर आपला हात ठेवून बघितला. चार बोटं बरोबर बसली. करंगळी बाहेर राहिली. रंग खडखडीत वाळलेला होता. मी स्वतःशी म्हटलं, ओघळला असेल. ओघळून वाकडं सरळ होतं का, ते मला ठाऊक नव्हतं. तिकडे घंटा वाजवून सगळ्यांना बोलावत होते म्हणून मी गेले.

मोठ्या वर्गात खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. एकेकजण उठून सांगायला लागला. मिठ्या, चिडवाचिडवी, दोघी रडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हटलं, "वकीलसाहेब, तुमची परीक्षा आणि तुमचं पोट, दोन्ही मी प्रभूच्या हाती दिलंय." वकील मनापासून हसला. पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून.

सगळ्यात शेवटी शेंडेफळ उठलं. तेरा वर्षांची, सगळ्यात लहान, शहाणी मुलगी. मुठीत घामानं मऊ झालेली चिठ्ठी. तिनं ती उलगडून दोन्ही बाजूंनी दाखवली. कोरी.

"मला वाटलं, मुद्दाम टाकलीये," ती म्हणाली. "ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी. म्हणून मी ताटली मांडायचे. गादी घालायचे. टॉवेल माझाच आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यांदा हसले. म्हणजे पंधरावी ताटली ही. ती उष्टी कशी व्हायची, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

"आणि मागितलंस काय त्याच्यासाठी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"त्याला आपल्यात जागा मिळू दे. आणि आपल्याबरोबर घरी येऊ दे."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

"एक मिनिट," वकील उठला. "कोरी एकानं उचलली, म्हणजे नावाची एक डब्यात उरली. म्हणजे आपल्यातल्या एकासाठी एकवीस दिवस कोणीच काही मागितलेलं नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "ज्याच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही, त्यानं हात वर करा."

मी आठवून बघितलं. माझं नाव घेऊन कोणी उठलं नव्हतं. मी हात वर केला. राखेनं काळी झालेली नखं, वाकडी करंगळी, सगळ्यांसमोर. त्यांनी गोलावर नजर फिरवली. उघड्या खिडकीवरून जावी तशी ती माझ्यावरून गेली.

"कोणी नाही. बघा वकीलसाहेब, तुमचं गणित कच्चं."

सगळे हसले आणि सामान बांधायला उठले. माझा हात वरच होता.

चिठ्ठ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या कपाटावर होता. मी स्टुलावर चढून काढला. तळाशी एक चिठ्ठी होती. माझ्याच अक्षरात, माझ्याच हातानं दुमडलेली. मावशी.

मी हिशेबी डोक्याची बाई आहे. अंधारात काही हललं तर आधी मांजर बघते, मग घाबरते. तरी ती चिठ्ठी घेऊन मी शेंडेफळाकडे गेले. ती खिडकीखालची गादी गुंडाळत होती.

"बाळा, एवढा आजचा दिवस माझ्यासाठी करशील का प्रार्थना?"

ती गादीला दोरी बांधत राहिली. मग मान वर केली. मी दाराशी होते, ती बघत होती खिडकीकडे.

"हो मावशी," ती खिडकीला म्हणाली. "रोज तर करते."

बस वेळेवर आली. मी आधी जाऊन दुसऱ्या रांगेत पिशवी आणि शाल ठेवली. शेंडेफळाला सांगितलं, "जागा धर गं माझी. गॅसचं बटण बघून येते." ते काम माझं. कुठूनही निघताना सगळ्यात शेवटी गॅस बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही.

"धरलीये," ती म्हणाली.

बटण बंद होतं. मी ते पुन्हा एकदा घट्ट केलं. बाहेरून पाळकसाहेबांचा मोजायचा आवाज येत होता. ते कधी चुकत नाहीत. "अकरा, बारा, तेरा, चौदा. चला हो ड्रायव्हर!"

मी पळाले.

फाटकापाशी पोचले तेव्हा बस वळत होती. मागच्या काचेतून शेंडेफळ दिसलं. कोणाच्यातरी खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले होते. त्या खांद्यावर माझी शाल होती.

मी आरडाओरडा केला नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. पहिल्या थांब्यावर साहेब मोजतील, मग बस परत येईल. असं मी तीनदा स्वतःला सांगितलं. शाळेचा शिपाई आला, खोल्यांना कुलपं लावली, माझ्या पायाला वळसा घालून गेला आणि फाटक लावून घेतलं. मी त्याला हाक मारली. त्यानं मागे वळून आभाळाकडे बघितलं.

दुपारी दोनला व्हरांड्यातून पाळकसाहेबांना फोन लावला. मागे मुलांचं गाणं चाललं होतं. "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय? काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि फोन बंद करता करता कोणालातरी म्हणाले, "घ्या ना मावशी, चहा घ्या."

पाच वाजून गेले. मी सहापर्यंत थांबले. मग घरी फोन लावला.

"कोण?" आईच होती.

"मी."

"कोण मी?"

"वाकड्या करंगळीची, आई."

तिला ऐकू गेलं होतं. तिला तरी जातंय, या विचारानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहीतरीच काय," आई म्हणाली. "ती आली ना मघाशीच. इथे बसलीये, माझा हात धरून." मग ती अगदी हळू आवाजात, आपल्यातच ठेवायची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "आणि एक सांगू का? सरळ झाली हो तिची करंगळी. माझ्या हातून झालं होतं ते. देवानं माफ केलं बघा मला."

"आई, ऐक. ती मी नाही."

पण तिनं फोन कानापासून दूर नेला होता. पलंगावर ठेवल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा. ती कोणाचातरी हात ओढून घेत होती.

मग लांबून आईचा आवाज आला, मऊ, सुटल्यासारखा.

"हीच."