मखमल हलत का नाही?

“अरे, तो बघ! तिच्या डोक्यावर चढला!” भोंगा ओरडला.

भोंग्याचं ओरडणं साधंसुधं नव्हतं. तो नुसता कुजबुजला तरी समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडायची. आणि ओरडला, की परत यायला आठवडा लावायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा!

काचेच्या पेटीत एक रातकिडा खरंच मखमलच्या डोक्यावर चढून मिशा हलवत बसला होता. मखमल म्हणजे भिंगमामाची टॅरँट्युला. तळहाताएवढी, काळीभोर, केसाळ कोळीण. फुटक्या कुंडीचं अर्धं खापर हे तिचं घर. अंग आत, पुढचे पाय बाहेर, अशी ती बसलेली आणि तिचं जेवण तिच्याच डोक्यावर नाचतंय!

“उपास असेल,” भोंग्याची बहीण शंका म्हणाली. “कात टाकायच्या आधी त्या खात नाहीत. पण मग ती जागासुद्धा का बदलत नाही? पाणी का पीत नाही? आणि...”

“तुझे प्रश्न ऐकूनच दमली असेल ती!”

“गप्प बसा रे दोघं,” बारकी म्हणाली. तिचं नाक काचेला टेकलं होतं.

बारकी त्यांची मावसबहीण. तिघंही सुट्टीला मामाकडे आलेली. मामा चष्मे बनवायचा, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा, म्हणून भिंगमामा. खाली दुकान, वर घर. यंदा नेमकं त्याचं ऑपरेशन निघालं. हॉस्पिटलात जाताना तो बारकीला बाजूला घेऊन म्हणाला होता, “मसुराच्या दाण्याएवढी होती तेव्हा आणली मी हिला. बावीस वर्षं झाली. मी येईपर्यंत ती तुझी हं.”

आणि आज संध्याकाळी तो घरी येणार होता.

बारकीनं झाकण काढलं. लांब चिमट्यानं मखमलच्या पायाला हळूच स्पर्श केला. एरवी ती लगेच पाय आखडून घ्यायची. आज आख्खी मखमलच वाळक्या पानासारखी सरकली! रातकिडा टुणकन उडाला आणि मखमलचं डोकं डबीच्या झाकणासारखं उघडलं. आत काहीच नव्हतं. पोकळ!

“कात आहे ही!” शंका किंचाळली. “नुसती कात! मग ती कुठंय?”

“पळाली!” भोंगा टेबलावर चढला.

“झाकणाची कडी लागलेली होती,” बारकी म्हणाली. “आणि ताजी कात मऊ असते. ही कुरकुरीत वाळलीय. हे बघ, पायात कापूस अडकलाय.”

कापूस! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा मखमलची प्रत्येक कात चष्म्याच्या डबीत, कापसावर जपून ठेवायचा. तिघं कपाटाकडे धावली. शेवटची डबी रिकामी होती.

“म्हणजे कुणीतरी ही कात मुद्दाम मांडली,” शंका म्हणाली. “आपल्याला फसवायला! पण कधी? आपण पोहायला गेलो त्या सकाळी तर ती चांगली चालत होती.”

“आणि त्या दिवशी घरी कोण होतं? मामी आणि काचकाका!” बारकी म्हणाली.

काचकाका म्हणजे मामाच्या दुकानात काचा घासणारे कारागीर. “ही पेटीबाहेर आली, तर मी दुकानाबाहेर!” असं ते रोज सांगायचे.

“काचकाकाच!” भोंगा म्हणाला. “मामी कशी असेल? पाल दिसली तरी ती शेजारी राहायला जाते!”

“ते कळेल आत्ता,” शंका म्हणाली. “मखमल सुटली असं ओरडायचं. पेटीत मखमल नाहीच हे ज्याला माहीत असेल, तो घाबरणार नाही.”

दुपारचा चहा ओतला जात होता. काचकाकांनी बिस्किट बुडवलं, तेवढ्यात भोंग्यानं छाती भरून श्वास घेतला.

“मखमल सुटलीऽऽ! टेबलाखाली गेलीऽऽ!”

काचकाकांचं वजन शंभराच्या पुढे. पण त्या क्षणी ते फुलपाखरू झाले! खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर आणि तिथून दिव्याला लोंबकळायच्या बेतात. “झाडू आणा! पोलीस बोलवा! माझ्या पायजम्यात तर नाही ना गेली?”

भोंगा हसून लोळायला लागला. “काचकाका नाहीत!”

बारकी मात्र हसली नाही. ती मामीकडे बघत होती. मामी चहा ओततच होती. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून खाली ठिबकू लागला, तरी ती ओततच होती.

“मामी,” बारकी हळू आवाजात म्हणाली, “तुझे पाय खालीच आहेत.”

मामीनं किटली ठेवली.

“ढेकणांची फवारणी केली गं त्या दिवशी,” ती म्हणाली. “ते यायच्या आधी घर स्वच्छ करावं म्हटलं. फवारणीवाला म्हणाला, जिवंत काही असेल तर बाहेर काढा. एवढंच काम होतं. पेटी उचलायची, गॅलरीत नेऊन ठेवायची. मी परत परत त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. हातच पुढे होईना. शेवटी दार लावलं, फटीत ओला टॉवेल कोंबला. म्हटलं, पुरेल.”

मामी पदरानं टेबलावरचा चहा टिपू लागली.

“नाही पुरलं. थरथर कापत होती बिचारी. मी दारात उभी राहून बघत होते.”

“अहो वहिनी, मला हाक मारायची होती!” काचकाका टेबलावरून म्हणाले.

“तुम्ही आला असता?”

काचकाका सावकाश खाली उतरले आणि मान घालून बसले.

“मला मारायची होतीस हाक!” बारकी ओरडली. “माझी होती ती! मामानं मला सांगितलं होतं! आणि तू... तू आम्हाला पोहायला पाठवलंस!”

“त्या औषधाचा तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गं,” मामी म्हणाली. “आणि तुमच्याकडून यांना हॉस्पिटलात इतक्यात कळू नये म्हणून ती कात मांडली.”

बारकी नुसती रडत राहिली. भोंगाही रडला, आणि आवाज न करता कसं रडतात ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच जमलं.

मामा आला तो कठड्याला धरून, एकेक पायरी चढत. “माझी म्हातारी काय म्हणतेय?” असं म्हणत तो सरळ त्याच्या खोलीत गेला. बारकी पुढे झाली, पण मामीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे सारलं.

“अहो,” मामी म्हणाली, “मखमल गेली. माझ्यामुळे गेली.”

मामा स्टुलावर बसला. सगळं ऐकून घेतलं. फवारणी, टॉवेल, कात, कापूस, चहा. मग तिघांकडे वळून म्हणाला, “पायातला कापूस बघून ओळखलंत? आणि चहाच्या टेबलावर सापळा? शाबास रे! डोळ्याला भिंग लावूनही मला दिसलं नसतं.”

“पोरं नाहीत ही, गुप्तहेर आहेत!” काचकाका नाक ओढत म्हणाले.

“आम्हाला शाबासकी नको मामा,” बारकी म्हणाली. “तू मला सांभाळायला दिली होतीस.”

“माहीत आहे गं. पण आज माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही.” त्यानं तिला जवळ ओढलं. “तू सांभाळलीस. कुणी सांगितलं, नाही सांभाळलीस?”

मामीनं शिवणाचा डबा आणला. आत मऊ सुती कापडाची छोटीशी घडी होती. मामानं ती उलगडली. मखमल पाय पोटाशी घेऊन पडली होती. कुंडीची माती एकेका पायावरून पुसून काढलेली होती.

मामानं घडी डोळ्याजवळ नेली.

“हिला कुणी गुंडाळलं?”

“मी.”

“हातानं?”

“हो.”

मामानं वर पाहिलं. “कशी लागली हाताला?”

“मला वाटायचं, टोचेल,” मामी म्हणाली. “टोचली नाही हो.”

“नाहीच टोचत ती,” मामा म्हणाला. त्यानं कापडाची घडी पुन्हा मामीच्या ओंजळीत ठेवली, तिच्या हातांखाली आपले हात धरले, आणि मग त्याला रडू आवरलं नाही.