पूर्वेचा सूर्यास्त

"तुमचे मामा माझ्या अंगणात बसलेत," तो म्हणाला. "सूर्यास्ताची वाट बघत."

मी धक्क्यावर उभी राहून बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांच्या बॅगांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. लग्न दोन दिवसांवर आलेलं, तोंडावर उतरतं ऊन, आणि समोर हा उन्हाने रापलेला उंच माणूस टोपी हातात घेऊन अगदी सौम्यपणे तक्रार करत होता.

"मग बसू द्या की," मी म्हटलं. "सूर्यास्त काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे?"

"नाही. पण माझं अंगण पूर्वेला आहे."

मी चिठ्ठी बॅगेऐवजी स्वतःच्या तळव्यावर चिकटवली.

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. तो मी ओळखला. माझंच अपत्य होतं ते! धाकट्या बहिणीने आणि होणाऱ्या मेहुण्याने या बेटावर लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा साठ पाहुण्यांनी राहायचं कुठे, बघायचं काय आणि कुठल्या वाटेने जायचं, याचं नकाशासकट पत्रक करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं होतं. साहजिकच, कारण मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका हेच माझं पोटापाण्याचं साधन. घरात मला 'लाल पेन' म्हणतात.

"शब्दांत एकही चूक नाही," तो म्हणाला. "मी दोनदा वाचलं. फक्त... बेट उलटं छापलंय."

खरंच की! चित्रकाराने बेटाची बाह्यरेषा आरशात बघितल्यासारखी उलटी काढली होती, आणि मी, बेट कधी डोळ्यांनी न बघितलेली, तिच्यावरची नावं अकरा वेळा तपासून 'छापा' म्हणून मोकळी झाले होते. अक्षर न् अक्षर बरोबर, आणि पूर्वेची पश्चिम! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आणखी काय काय झालंय?" मी हळूच विचारलं.

"नवऱ्यामुलाचे मित्र पोहायची पुळण शोधत खारफुटीच्या चिखलात गेले. दोघांच्या चपला अजून तिथेच आहेत. एक मावशी 'निसर्गरम्य ठिकाण' म्हणून पाण्याच्या टाकीपाशी तासभर बसल्या. आणि गुडघेदुखीवाले एक काका..."

"त्यांना समुद्राला लागून असलेली खोली दिलीय मी! दोनच पायऱ्यांची."

"टेकडीवर आहे ती. एकशे बारा पायऱ्या. काकांनी मोजल्या. मोठ्याने."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो हसू दाबत होता, आणि ते काही त्याला नीट जमत नव्हतं. त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. वाटाड्याला खळी कशाला हवी असते, कुणास ठाऊक.

वाटाड्या होता तो. पाहुण्यांना जंगलातल्या वाटांनी फिरवायचं, होडीतून प्रवाळ दाखवायचे, आणि आत्याबरोबर सहा खोल्यांचं अतिथीगृह चालवायचं, हा त्याचा धंदा. त्या अंगणात जाऊन बघते तर मामा, मामी आणि मावशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले, चेहरे पूर्वेच्या समुद्राकडे. पाठीमागे झाडांआड सूर्य लाल होत चालला होता. आत्याबाई त्यांना चहा देत होत्या. तिसरा कप होता तो.

"मामा, सूर्य मागे आहे."

"ढगांमुळे तसं वाटतंय," मामा म्हणाले. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. छापील कागदावर त्यांचा सूर्यापेक्षा जास्त विश्वास. "छापलंय ना? मग इथेच होणार."

सूर्याने काही ऐकलं नाही. तो मागच्या मागे मावळला. मामांनी घड्याळ बघितलं आणि सूर्याला उशीर झाल्याचं जाहीर केलं.

बेटावर छापखाना नव्हता. साठ पत्रकं हाताने दुरुस्त करायची, तर आधी खरं बेट बघायला हवं. "सकाळी सहाला या," तो म्हणाला. "मी वाटा दाखवतो, तुम्ही खोडा."

सहाला गेले. त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

"या चपलांनी चालणार?"

"का? यांतही काही चूक आहे?"

"नाही... चपला चांगल्या आहेत. वाट जरा नाठाळ आहे." आणि आत जाऊन त्याने आत्याबाईंचे रबरी बूट आणून दिले. दोन मापं मोठे होते. दिवसभर मी बदकासारखी फतक फतक चालले, आणि तो दर दहा पावलांवर काहीतरी दाखवायच्या निमित्ताने माझ्यासाठी थांबत राहिला. तेच झाड त्याने मला तीनदा दाखवलं.

ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येईल असा खडक बघितला. पश्चिमेची पुळण बघितली, तिथेच उद्याचं लग्न होतं. टेकडीवरून सगळं बेट एका नजरेत दिसलं, आणि ते माझ्या पत्रकाच्या बरोबर उलटं होतं.

"हा झरा काढून टाका," तो वळणावर म्हणाला. "आटलाय."

मी झऱ्यावर लाल रेघ मारली. तेवढ्यात सर आली, ऊन तसंच ठेवून. आम्ही एका कपारीखाली शिरलो. जागा दीड माणसाची, आम्ही दोघं. त्याचा ओला दंड माझ्या खांद्याला लागला आणि दोघांनीही एकदम "सॉरी" म्हटलं... आणि दोघंही हललो नाही. सर थांबली, तसा खालून खळखळ आवाज यायला लागला.

"आटलाय ना?"

"पाऊस झाला की असतो थोडा वेळ," तो ओशाळून म्हणाला. "पण तुम्ही खोडलात आता."

"म्हणून काय झालं?" मी खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं दिली. "ही आमची छापखान्यातली खूण. चुकून खोडलं, राहू द्या."

"एवढ्याशा टिंबांनी भागतं?"

"भागतं. अक्षरं जुळवणारा काही विचारत नाही. टिंबं दिसली की शब्द परत जागेवर."

त्याने टिंबांवरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाला, "माणसांनाही लावता का ही खूण?"

"आजवर नाही लावली."

हे मात्र खरं होतं. नऊ स्थळं मी खोडली होती. एकाने तासाभरात तीनदा 'मी फार साधा आहे' म्हटलं, म्हणून, पुनरुक्ती. दुसऱ्याची माहिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वाक्यात होती. "तू मुलं बघत नाहीस, तपासतेस," असं आई म्हणते. पण त्या कपारीखाली मला स्पष्ट कळलं की हा माणूस मला आवडलाय, खळीसकट, ओशाळण्यासकट. आणि घाबरलेच मी. परवा सकाळी दहाची बोट होती, आणि आयुष्यात मला खोडण्याखेरीज काही येत नव्हतं.

दुपारभर त्याच्या अंगणात बसून आम्ही साठ पत्रकं दुरुस्त केली. मी लाल पेनने, तो पेन्सिलीने. काकांची आणि नवऱ्यामुलाच्या मित्रांची खोल्यांची अदलाबदल झाली; मित्र एकशे बारा पायऱ्या चढले आणि काकांनी त्यांना खालून उत्तेजन दिलं. 'सूर्यास्ताचं ठिकाण' या ओळीपाशी मी थांबले.

"याचं काय करू?"

"सूर्योदयाचं करा," तो म्हणाला. "पाहुण्यांची सवय झालीय आता आत्याला. आणि मलाही... म्हणजे, पाहुण्यांची."

लग्न छान झालं. सगळे योग्य वेळी योग्य पुळणीवर पोचले, सूर्यही ठरल्या दिशेला मावळला, आणि मामांनी तो छापील वेळेशी ताडून बघितला. जेवणं चालू असताना वाटाड्या माझ्याजवळ आला. इस्त्रीचा शर्ट, कॉलर एका बाजूला दुमडलेली. त्याने एक कागद माझ्या हातात कोंबला.

"जरा बघून द्या," एवढंच म्हणाला, आणि दोन पावलांवर पाठ करून उभा राहिला.

मी वाचलं.

'मला तुम्ही आवडता. माझ्याकडे सहा खोल्या, एक होडी आणि एक आत्या आहे. मी बेटावर कधी चुकत नाही, पण शहरात मला रस्ता ओलांडता येत नाही. तरी तुम्ही म्हणालात तर येईन. तुमच्यासोबत काल मी मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो होतो. मला तुम्ही आवडता.'

कान तापले. हात गार पडले... आणि गार पडलेल्या हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. केसांत खोचलेलं पेन काढलं, शेवटचं वाक्य खोडलं, समासात 'पुनरुक्ती' लिहिलं, आणि कागद परत दिला.

त्याने बघितलं. खळी कुठच्या कुठे गेली.

"बरं," तो म्हणाला. "कळलं." कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली, आणि गर्दीतून निघून गेला.

नववधू बहीण हातात ताट घेऊन मागेच उभी होती. "ताई! काय केलंस तू?"

"पहिलं वाक्य ठेवलंय ना मी!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "तोच होकार होता. एकदा आलंय, परत कशाला, म्हणून नुसतं..."

"अगं, प्रेमपत्रात दोनदा लिहिलेलं दोनदाच ठेवतात!" तिने ताट माझ्या हातात दिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "नऊ जणांना खोडलंस, मी काही बोलले नाही. पण या माणसाने तुझ्यासाठी साठ पत्रकं पेन्सिलीने दुरुस्त केलीत. कुणी करतं का असं?"

कुणी करत नाही. मला माहीत होतं.

पहाटे उजाडायच्या आधीच निघाले. रबरी बूट परत करायचं निमित्त होतं, म्हणून तेच घालून फतक फतक धावले. वाटलं होतं, अंगणात तो एकटा असेल. कसला एकटा! सुधारित पत्रकात 'सूर्योदयाचं ठिकाण' वाचून निम्मं वऱ्हाड तिथे हजर. पुढच्या रांगेत मामा, मनगट वर धरून. तो चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. मला बघून थांबला.

"चहा?" त्याने विचारलं. पाहुण्यांना विचारतात तसं.

"तो कागद द्या."

"कशाला? तपासून झालाय तो."

"माझी चूक राहिलीय त्यात."

मावशीने खुर्ची वळवली, मग मामीने, मग सगळ्यांनीच. त्याने ट्रे काकांच्या मांडीवर ठेवला आणि खिशातून कागद काढला. रात्रभरात त्याच्या घड्या पार मऊ झाल्या होत्या. मी चहाच्या टेबलावर तो पसरला आणि खोडलेल्या वाक्याखाली टिंबं द्यायला लागले. टिंबं वेडीवाकडी पडत होती. कुणाच्या चुकीसाठी नाही, स्वतःच्या मनासाठी मी पहिल्यांदाच पेन चालवत होते.

तो वाकून बघत होता. "राहू द्यायचं?" त्याने अगदी हळू विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "दोन्ही. मलाही तुम्ही आवडता. आणि रस्ता ओलांडायला मी आहे."

खळी परत आली, आणि या वेळी त्याने हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. आत्याबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "बूट ठेव गं तुझ्याकडेच."

तेवढ्यात मामा ओरडले. सगळे वळले. सूर्य पाण्याच्या वर चांगला हातभर येऊन बसला होता.

"झालं! हाही हुकला!" मामा म्हणाले. "त्या दिवशी मावळला नाही, आज उगवला तो कळलंच नाही. या अंगणात काही खरं नाही!"

"बघायचं ते बघितलं आपण," मावशी म्हणाली आणि निवांत चहा प्यायली.

दहाच्या बोटीपर्यंत तो बॅगा उचलत होता. माझी सगळ्यात शेवटी. पुढच्या महिन्यात शहरात यायचं ठरलं. आईने त्याला आमच्या घरचा पत्ता तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिला. बोट सुटताना त्याने तो मऊ झालेला कागद माझ्या हातात ठेवला. "पुढे गेल्यावर बघा."

बेट बोटभर उरलं तेव्हा मी घडी उघडली. माझ्या वेड्यावाकड्या टिंबांखाली त्याने पेन्सिलीने तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं होतं.

पेन हातातच होतं. मी त्याला टोपण लावलं.