एक डोळा उघडा

रोपवेचा पाळणा थांबला हे चिमणीला आधी कळलंच नाही, कारण तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते. इतका वेळ डोक्यावर घरघरणारी तार एकदम गप्प झाली. पाळणा एकदा पुढे झुलला, एकदा मागे झुलला.

"घाबरू नका," छतातून कोणीतरी म्हणालं.

चिमणी जिवाच्या आकांताने किंचाळली. आधाराला म्हणून भिंतीवर टेकलेला तिचा हात नेमका लाल बटणावर पडला होता, त्यामुळे ती किंकाळी थेट खालच्या स्टेशनात पोचली.

"बाप रे!" छत म्हणालं. "अहो, मी रोपवेचा ऑपरेटर. खालून बोलतोय. तुमच्या डोक्यावर स्पीकर आहे, बघा."

"मी वर बघणार नाही. खालीही बघणार नाही. काय सांगायचं ते असंच सांगा."

"पुढच्या खांबावर चाकात फांदी अडकलीय. आमचा माणूस चढलाय काढायला. थोडा वेळ लागेल. बोलायचं असलं की लाल बटण दाबा... ते तुम्हाला सापडलंच आहे म्हणा."

आवाज जरा बसका होता, सर्दी झाल्यासारखा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस चिमणीने मनातल्या मनात तयार केला आणि त्याच्यावर चिडूनही घेतलं. फांदी काय, आजच अडकायची होती?

चिमणी हे नाव दादाने ठेवलेलं. लहानपणी ती गच्चीच्या जिन्यावरच भोकाड पसरायची, म्हणून मुद्दाम. पुढे ती भूगोलाची बाई झाली तेव्हा तर त्याच्या चेष्टेला ऊत आला. डोंगर नकाशात तपकिरी रंगात होते तोवर तिचं त्यांच्याशी उत्तम जमायचं. आणि दोन वर्षं अर्ज करकरून नोकरी मिळाली ती कुठे, तर डोंगरावरच्या शाळेत! रस्त्यावर दरड कोसळलेली, वर जायला रोपवे तेवढा उरलेला. परवा ती तिकीट काढून फाटकापर्यंत आली आणि मागे फिरली. कालही तेच. संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "उद्या पहिल्या तासाला आलात तर ठीक. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

सकाळी डबा हातात देताना वहिनीने पाठीवरून हात फिरवला होता. "नाही जमलं तर परत ये गं. काही बिघडत नाही." त्या मायेनेच चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. परत जायचंच तर नव्हतं तिला. आयुष्यभर दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत, जिने टाळत बसायचं... नको!

"एक विचारू?" छत पुन्हा बोललं. "काल आणि परवा फाटकातून परत गेलात त्या तुम्हीच ना? हिरवी छत्री?"

चिमणीचे कान गरम झाले. "तुम्ही कामावर लोकांच्या छत्र्या बघत बसता का?"

"सगळ्यांच्या नाही," आवाज म्हणाला, आणि मग घाईघाईने, "म्हणजे... स्टेशनाला मोठी काच आहे. दिसतं आपोआप."

"आपोआप!"

"बरं, आपोआप नाही. आज कशा काय चढलात?"

"डोळे मिटून."

"मग उघडा आता. मिटल्या डोळ्यांना दरी आहे त्याहून खोल वाटते."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही रोज वर-खाली करत असाल."

"हं..." आवाज म्हणाला. "तसंही धुकं आहे. काही दिसणार नाही. शपथ घेऊन सांगतो."

चिमणीने अर्धवट कबुली म्हणून एकच डोळा उघडला.

खरंच काही नव्हतं. काचेबाहेर सगळं पांढरं, ओलसर, जाड. दरी नाही, झाडं नाहीत, पुढचा खांबही नाही. ती जरा सैल होते न होते तोच त्या पांढऱ्यातून आणखी एक पांढरं काहीतरी तरंगत आलं. पंखांचा आवाज म्हणून नाही. सामान अडकवायला पाळण्याच्या बाहेर जो लोखंडी कठडा होता, त्यावर ते टेकलं, दोनदा पाय बदलले आणि वळून सरळ तिच्याकडे बघायला लागलं.

घुबड! तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, मध्ये फक्त काच.

बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, त्यात काळेभोर डोळे. छातीवर तपकिरी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या टोकाला धुक्याचा बारीक थेंब. भिजल्यामुळे गबाळं दिसत होतं बिचारं. काचेच्या वरच्या फटीतून ओल्या पिसांचा, जुन्या गोधडीसारखा वास आत आला. चिमणी श्वास घ्यायची विसरली. घुबडाने मात्र तिला नीट पारखून घेतलं, ही बाई काही करणार नाही असं ठरवलं, अंग फुगवून थेंब झटकले... आणि एक डोळा मिटून घेतला. दुसरा अर्धा उघडा ठेवून ते चक्क पेंगायला लागलं.

"ऐकताय ना?" छताने विचारलं. "एकदम गप्प झालात. बऱ्या आहात ना?"

"शू!" चिमणी बटण दाबून कुजबुजली. "माझ्याकडे पाहुणे आलेत."

"कोण?"

"घुबड. कठड्यावर बसलंय. झोपलंय... म्हणजे निम्मं झोपलंय."

"काय सांगता!" आवाजही आपोआप हळू झाला. "पुढच्या कड्याच्या कपारीत राहतं ते. मी नुसतं लांबून, दुर्बिणीतून पाहिलंय. कसं आहे हो जवळून?"

"देखणं आहे. आणि बेफिकीर." ती जराशी हसली. "एवढ्या उंचीवर, खाली काही नाही, वर काही नाही... आणि हे आपलं माजघरात बसल्यासारखं डुलक्या काढतंय."

"मग तुम्हीही काढा."

"तुमच्या बडबडीत?"

"मी गप्प बसतो."

तो खरंच गप्प बसला. घुबडाची छाती वर जात होती, खाली येत होती, अगदी सावकाश. चिमणी ते बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, आपलाही श्वास तसाच चाललाय. मुठी केव्हा उघडल्या कोण जाणे. लहानपणापासून छातीवर धोंड ठेवून जगत आल्यासारखं झालं होतं तिला, आणि कोणीतरी ती अलगद उचलून बाजूला ठेवली होती. इतकं हलकं वाटलं, इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. पाळणा वाऱ्यावर जरासा झुलला. झुलू दे, तिने मनाशी म्हटलं.

"आनंदाची बातमी!" छत म्हणालं. "फांदी निघाली. सुरू करतो आता."

"थांबा!"

आपणच ओरडलो हे तिला क्षणभर खरं वाटेना.

"थांबा?" तोही चकित झाला. "अहो, मघाशी तर..."

"हिसका बसला तर दचकेल ते. आत्ताच डोळा लागलाय. हळू नाही का सुरू करता येत?"

पलीकडे एक मोठा श्वास ऐकू आला. "तुम्ही म्हणताय म्हणून... म्हणजे ते झोपलंय म्हणून... बघतो करून. तुमचं हे बोलणं मी विसरणार नाही."

"माझं की घुबडाचं?"

"तुमचंच," आवाज म्हणाला. "आवाजही..."

"अहो ऑपरेटर!" स्पीकरमधून अचानक एक म्हातारा, खणखणीत बायकी आवाज आला. "आम्ही मागच्या पाळण्यात आहोत. सगळं ऐकू येतंय बरं का! हिरव्या छत्रीपासून. यांनी तर कानातलं यंत्र मोठं करून ठेवलंय."

ऑपरेटर पुटपुटला, "सगळ्या पाळण्यांचं बटण... चालूच राहिलं... अरे देवा!"

"चालू राहू दे हो," एक पुरुषी आवाज म्हणाला. "आम्हाला घाई नाही. पुढे काय म्हणत होतात?"

चिमणीने तोंडावर ओढणी दाबली. लाजेने जीव चालला होता आणि हसू मात्र थांबत नव्हतं.

तार सुरू झाली ती इतकी हळू, की घुबडाने फक्त मिटलेला डोळा उघडला, उघडा होता तो मिटला आणि बसून राहिलं. वरचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा कुठे ते उठलं, पंख पसरले आणि आवाज न करता दरीत उतरलं. चिमणी त्याला बघत खाली, आणखी खाली बघत राहिली. धुकं फाटलं होतं. तळाशी नदी होती, झाडं होती, आणि ती हे सगळं बघत होती!

स्टेशनातून बाहेर पडताना मागच्या पाळण्यातल्या आजींनी तिला गाठलंच. "आवाजावरून तरी माणूस बरा वाटतो गं," त्या म्हणाल्या. चिमणी छत्री सावरत धावत सुटली. पहिल्या तासाची घंटा होत होती तेव्हा ती वर्गाच्या दारात उभी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे बघितलं, हजेरीपट तिच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "आलात. बरं झालं."

शाळा सुटल्यावर ती वरच्या स्टेशनावर आली तर बाकावर एक तरुण बसला होता. मोठाले कान, सर्दीने लाल झालेलं नाक, राखाडी स्वेटर. चेहरा पांढराफटक, आणि बाक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"हिरवी छत्री," तो म्हणाला. बसका आवाज.

पन्नाशी, पोट, मफलर, सगळं कुठल्या कुठे गेलं. चिमणी जागीच थांबली. "तुम्ही... वर कसे?"

"पाळण्यातून. माझी पाळी संपली, खाली साहेब बसलेत." त्याने नाक पुसलं. "खरं सांगू? पहिल्यांदाच चढलो."

"पहिल्यांदाच? ऑपरेटर असून?"

"खालून बटणं दाबतो. सगळ्यांना वर पाठवतो. स्वतः मात्र फाटकापर्यंत यायचो आणि मागे फिरायचो. परवा तुम्ही फिरलात ना, तेव्हा वाटलं, हे आपल्यातलं माणूस दिसतंय."

"आणि मला ऐटीत सांगत होतात, डोळे उघडा!"

"तुम्ही उघडलेत, म्हणून तर मला धीर आला." तो पहिल्यांदा हसला. "जी उतरायला उतावीळ, तीच घुबडासाठी थांबा म्हणते... हिला एकदा समोरून बघायलाच हवं असं वाटलं. काचेतून नाही."

चिमणीने छत्रीची उगाच उघडझाप केली. "मग? बघितलंत ना? चला आता खाली."

"तीच तर अडचण आहे," तो हळूच म्हणाला. "खाली कसं जायचं ते कळत नाहीये. कधीचा बसलोय इथे."

ती हसली, मोकळेपणाने, पोट धरून. मग तिने हात पुढे केला. "चला. एक डोळा मिटायचा, एक उघडा ठेवायचा. एका जाणकाराकडून शिकलेय."

पाळणा स्टेशनातून सुटला. समोरासमोर बसलेली ती दोघं, एकेक डोळा मिटून एकमेकांकडे बघत होती. वर येणाऱ्या पाळण्यातले एक गृहस्थ हे डोळे मारणं पाहून गोरेमोरे झाले आणि त्यांनी मान फिरवली.

"मी रोज संध्याकाळी येईन तुम्हाला न्यायला," तो भिंतीला हात टेकून म्हणाला. "भीती वाटणारच. पण तुम्ही समोर असलात की... मला तुम्ही आवडता. फार. परवापासून..."

छतात कोणीतरी खाकरलं.

"अरे बाबा," साहेबांचा आवाज आला, "तुझा हात लाल बटणावर आहे. आणि सगळ्या पाळण्यांचं बटण तू सकाळपासून बंदच केलेलं नाहीस."

त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. मोठाले कान लालबुंद झाले. चिमणीने दोन्ही डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, मग काचेबाहेरच्या दरीकडे. काहीच भीती वाटत नव्हती. ती उठली, झुलत्या पाळण्यात सरळ उभी राहिली आणि तिने आपल्या हाताने ते बटण दाबलं.

"राहू दे साहेब, चालूच राहू दे," ती म्हणाली. "म्हणजे उत्तरही सगळ्यांना एकदमच कळेल. मलाही ते आवडतात. आणि पाळणा जरा हळू आणा हो... आम्हाला घाई नाही."