तीन महिन्यांची साखर

त्या दिवशी संकष्टी होती. आईच्या समाधानासाठी मी उपास धरला होता, आणि सवयीने सकाळची गोळीही घेऊन टाकली होती. राहात्याहून आलेली एसटी कोल्हारच्या स्टँडवर थांबली तेव्हा साडेअकराचं ऊन रस्त्यावर नुसतं पांढरं झालं होतं. उतरले, चार पावलं टाकली, आणि हात थरथरायला लागले. कपाळावर गार घाम. समोरच्या रसवंतीची घुंगरं वाजत होती... पण कुठल्या तरी विहिरीच्या तळातून वाजल्यासारखी.

"अहो मॅडम! बसा, बसा आधी."

रसवंतीतल्या कुणीतरी कोपराला धरून बाकावर बसवलं आणि लगेच हात सोडला.

"रस द्या," मी म्हटलं. "लवकर..."

ग्लास हातात आला, पण हात ऐकेना. तेव्हा त्याने खालून ग्लासला बोटं लावली, आणि मला लाज वाटू नये म्हणून की काय, तोंड रस्त्याकडे वळवून उभा राहिला. मी शेवटचा घोट घेईपर्यंत त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी जग जागेवर आलं. पहिल्यांदा स्पष्ट दिसले ते त्याचे डोळे. घाबरलेले, आणि पापण्यांवर उसाचा भुसा.

"बरं वाटतंय का आता?"

"हो. उपास आहे ना, म्हणून..."

"उपासाचे लई लोक येतात हितं. पण एवढं थरथरत कुणी आलं न्हाई." तो हसला. "गोरक्ष माझं नाव. परत चक्कर आली तर हाक मारा, पळत येतो."

"आणि हाक नाही मारली तर?"

हे मी बोलले? माझ्याच कानांचा विश्वास बसेना. मी पर्स उचलली आणि शाळेकडे सुटले.

मी मोनिका. कोल्हारच्या शाळेत विज्ञान शिकवते. एकोणतीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी शाळेत शिक्षकांची तपासणी झाली, आणि माझ्या कागदावर डॉक्टरांनी लाल पेनने गोल केला. टाइप टू डायबेटिस. पप्पांना आहे, आत्याला आहे. पण मला, या वयात? त्या रात्री आईने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "लग्न होईपर्यंत हा शब्द घराबाहेर जाता कामा नये." एका स्थळाला मीच खरं सांगितलं होतं. त्यांनी पोह्यांची बशी अर्धी ठेवली आणि चपला घातल्या.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला चांगलंच झापलं. "गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही? साखर खाली जाऊन रस्त्यात पडली असतीस." त्यांनी गोळी बदलून दिली आणि पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवायला लावली.

तिसऱ्या दिवशी आभार मानायला रसवंतीवर गेले, तर त्याने ग्लास भरलाच.

"नको, मी रस पीत नाही."

"परवा तर एका दमात..."

"परवाची गोष्ट वेगळी होती."

त्याने पुढे विचारलं नाही. पण चौथ्या दिवशी बर्फाच्या पेटीतून स्टीलचा तांब्या निघाला. "ताक हाय. घरच्या म्हशीचं. साखर न्हाई, नुसतं जिरं."

"रसवंतीत ताक विकता?"

"विकत न्हाई. एकालाच देतो."

"एकालाच की एकीलाच?"

तो घुंगरांच्या चाकामागे गेला आणि विनाकारण ऊस पुसत बसला. कान लाल झालेले मला इकडून दिसत होते.

मग रोजच पंधरा मिनिटं मी शाळेला लवकर यायला लागले. तो आपण केलेल्या कृषी पदविकेचं सांगायचा, उसाच्या जाती सांगायचा. मी मुलांच्या उत्तरपत्रिकांतले विनोद सांगायचे. हसताना तो मान खाली घालायचा. कधी तांब्या देताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही एकदम हवेबद्दल बोलायला लागायचो—आज जरा जास्तच उकडतंय, नाही का...

महिनाभराने त्याने यंत्र बंद केलं. घुंगरं थांबली.

"एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"तुमचं... कुठं ठरलंय का?"

मी तांब्या खाली ठेवला. आईचा आवाज कानात होता, पण समोर हा माणूस होता, ज्याने माझी लाज राखायला तोंड फिरवलं होतं. "ठरलं नाही. आणि ठरणंही अवघड आहे. मला शुगर आहे, गोरक्ष. त्या दिवशी नुसत्या उपासाने नाही, गोळीने साखर उतरली होती. म्हणून रस पीत नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्याने उसाची मोळी उगाच सरळ केली.

"आमच्या आण्णांना शुगर हुती," तो हळूच म्हणाला. "पाय कापला त्यांचा. चार वर्सं झाली जाऊन."

तो पुढे काही बोलणार इतक्यात शाळेची घंटा झाली. मी उठले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी रसवंती बंद. तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःला समजावलं: पोह्यांची बशी काय, ताकाचा तांब्या काय. वर्गात पचनसंस्था शिकवताना एकदा फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

चौथ्या दिवशी शाळा सुटली तर तो फाटकाशी उभा. दाढी वाढलेली.

"कुठे होतात?"

"घरी. आईशी भांडत हुतो. तीन दिस झाले, न्हाईच म्हनती."

"कशाला नाही म्हणतात?"

"तुमाला." त्याने एकदम सांगून टाकलं आणि स्वतःच दचकला. "म्हंजे... मला ही मास्तरीण पायजे, असं सांगितलं आईला. शुगरचं आधी सांगितलं. लपवून न्हाई न्यायची मला तुमाला."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "मला न विचारताच?" एवढंच कसंबसं म्हटलं.

"मग आता इचारतो की."

"आधी तुमच्या आईंना भेटू द्या," मी म्हटलं. पण हसू काही लपलं नाही.

गोरक्षची आई, रतनबाई, ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

"पोरी, तू चांगली हायस. पण मी सहा वर्सं ह्या हातांनी जखम धुतली. ह्यांच्या तळपायात खिळा घुसला, दोन दिस कळलंच न्हाई त्यांना. वास आला तवा मी पाह्यलं. तेच आता माझ्या लेकानं करायचं? न्हाई गं बाई."

पुस्तकातली सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती. एकही दिलं नाही. त्या बाईने जे धुतलं होतं, ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"मावशी, मंगळवारी राहात्याला माझी तपासणी आहे. तुम्ही चला. काय विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा. त्यानंतर नाही म्हणालात, तर मी परत या ओट्यावर येणार नाही."

त्या मेथी निवडत राहिल्या.

मंगळवारी दवाखान्यात शिरले तर रतनबाई रांगेत माझ्याही आधी बसलेल्या. शेजारी गोरक्ष, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, जणू तपासणी त्याचीच आहे.

डॉक्टर मॅडमनी मला डोळे मिटायला लावले आणि बारीक दोऱ्याने तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श केला. "कळतंय?" "हो." "इथे?" "हो." मग कागद बघितला. "तीन महिन्यांची साखर, म्हणजे सरासरीचा आकडा, साडेसहा. वर्षापूर्वी साडेआठ होती. छान चाललंय."

"डाक्टरीणबाई," रतनबाई पुढे सरकल्या, "हिचा पाय जाईल का?"

"आज पाय उत्तम आहे, डोळे, किडनी ठीक आहेत. उद्याचं वचन मी देऊ शकत नाही, आजी. पण औषध, वेळेवर जेवण, रोज चालणं आणि दरवर्षी ही तपासणी, एवढं सांभाळलं तर धोका खूप कमी होतो. तुमच्या यजमानांना कधी कळलं होतं?"

"आमाला पाय सुजल्यावर कळलं. त्यांना..." रतनबाई थांबल्या. "त्यांना आठ वर्सं आधीच ठावं हुतं. ट्रंकेत कागद सापडला मागनं. घरात सांगितलं न्हाई, गोळ्या बी घेतल्या न्हाईत. लोक काय म्हनतील..."

रतनबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं.

"मला सांगितलं असतं, तर मी रोज पाय बघितला असता हो त्यांचा."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "ती चप्पल बारीक हाय तुझी. अंगठा चोळतीय. बदल."

डॉक्टरांनी मग त्या दोघांचंही रक्त घेतलं. वडिलांना शुगर होती म्हटल्यावर मुलाची तपासणी हवीच म्हणाल्या. रतनबाई ठणठणीत निघाल्या. गोरक्षचा आकडा सहा पूर्णांक एक.

"अजून शुगर नाही, पण उंबऱ्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच लक्ष दिलंत तर बहुतेक मागे फिरेल."

बाहेर आल्यावर मी कमरेवर हात ठेवले. "दिवसातून किती ग्लास रस चाखता?"

"चव कळायला नको?"

"गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून कळते."

"मी एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो. ते रस पीतच न्हाई..."

रतनबाई पुढे चालत होत्या. त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी आम्ही प्रवरेच्या काठाने चालायला लागलो. मी राहात्याहून पहिल्या गाडीने यायचे. चार किलोमीटर. पहिल्या आठवड्यात तो धापा टाकायचा आणि बोलण्याच्या निमित्ताने थांबायचा. पुढे पुढे बोलण्यासाठीच थांबायला लागला. भाकरी, उसळ, भाजी आधी आणि भात शेवटी, ही शिस्त त्यांच्या घरात आधी रतनबाईंनीच लावली. त्या मंगळवारपासून तीन महिन्यांनी त्याचा आकडा पाच पूर्णांक सहा आला. त्याने तो कागद मला असा दिला, जणू प्रेमपत्रच.

जूनमध्ये दोन्ही घरांच्या संमतीने आमचा साखरपुडा झाला, राहात्यात, आमच्याच अंगणात. अंगठ्या झाल्या आणि त्याची एक मावसबहीण पेढ्यांचं ताट घेऊन पुढे आली. अख्खा पेढा माझ्या तोंडाशी. मागून आई कुजबुजली, "खा गं गुपचूप. एकाने काय होतंय? सगळे बघतायत."

"थांब," रतनबाई मोठ्याने म्हणाल्या. "तिला शुगर हाय. अर्धा दे. अर्धा गोरक्षाला."

पेढा तिथेच थांबला. दीड वर्षं जो शब्द आमच्या घरात दार लावून बोलला गेला, तो या बाईने सगळ्या पाहुण्यांत असा सांगितला, जसं कुणी सांगावं—पोरगी विज्ञान शिकवते, पोरगी उंच आहे. आईच्या चेहऱ्यावर भीती आली, मग हळूहळू गेली. तिने पदराने डोळे टिपले. कोपऱ्यातल्या एका काकू पुढे आल्या आणि रतनबाईंच्या कानाशी लागल्या, "मला पण अर्धाच द्या. मला बी हाय..."

गोरक्षने अर्धा पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे झुकला.

"मास्तरीणबाई, मी मागंच इचारलं हुतं. उत्तर अजून दिलं न्हाई तुमी."

"अंगठी घातली ना बोटात?"

"ते पाहुण्यांसाठी झालं. मला तोंडानं पायजे."

मी सगळ्यांच्या देखत त्याच्याकडे पाहिलं. कान लाल, मान खाली.

"हो," मी म्हटलं. "आणि आता मला अगं म्हणा... म्हण."

"अगं," तो म्हणाला, आणि पुढचं काय बोलायचं ते विसरूनच गेला.